थापटण्याची परीक्षा

आज गीतेच्या 12 व्या अध्यायातला 14 वा श्लोक. भक्त 'सतत' संतुष्ट असतो म्हणे. पगाराच्या दिवशी जमतं हो, सतत कसं?

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका बघा. ज्ञानोबा-नामदेवांच्या काळातले. संत झाले तरी कुंभारकाम सोडलं नाही; माती तुडवतानाच नामस्मरण. कथेत ते थापटण्याने संतांची डोकी ठोकून बघतात. बाकीचे शांत, नामदेव चिडतात आणि कच्चं मडकं ठरतात. (मला तर नामदेवांचा राग अगदी पटतो!) पुढे ते विसोबा खेचरांना गुरू करतात.

आपल्यावर ही थाप रोज पडते. मित्राच्या प्रमोशनचं स्टेटस दिसलं, की आधी आत काय वाजतं ते ऐकायचं. मग एकदा 'विठ्ठल' म्हणून हातातलं काम पुढे. मी सध्या एवढंच करतोय.

उद्या 19 वा श्लोक. तिथे 'संतुष्ट' पुन्हा आलाय.