एकाच घावात न जाणारी प्रत

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला आणि त्याची झळ थेट न्हावा शेवापर्यंत पोचली. जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडे होतं. तिथली संगणकयंत्रणा कोलमडली आणि कंटेनरची कामं खोळंबली. मर्स्कने बॅकअपचा विचारच केला नव्हता, असं मात्र नाही. कंपनीच्या जाळ्यात कुणाला कुठे प्रवेश आहे, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरलेले होते आणि ते आपापसांत सतत माहिती जुळवून घेत. एक बंद पडला तर उरलेल्यांवरून तो पुन्हा उभा करायचा, असा हिशोब होता. सगळे एकदम जातील, हे त्या हिशोबात धरलेलंच नव्हतं आणि नेमकं तेच झालं. वाचला तो एकच, घानामधला. हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती, त्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्यातली माहिती विमानाने, माणसांच्या हातून इंग्लंडला पोचवावी लागली आणि मग कंपनी सावरली.

फोन आणि कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या घरातला बहुतेक बॅकअप हा त्या दीडशे सर्व्हरच्या जातीचा असतो. ‘फोटोंचा बॅकअप आहे का?’ असं कुणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘हो, सगळं गूगलवर आहे.’ फोनमध्ये आहे, गूगलवर आहे, टॅबवरही दिसतंय, म्हणजे तीन ठिकाणी आहे. पण प्रती किती आहेत यावर काही ठरत नाही. एकाच घावात त्या सगळ्या जाऊ शकतात का, एवढाच प्रश्न आहे. एकाच खात्याला बांधलेल्या तीन प्रती त्या खात्याबरोबर जातात. एकाच कपाटातल्या तीन प्रती त्या कपाटाबरोबर जातात.

फोटोंचं उदाहरण नीट उलगडून पाहू. गूगल फोटोज ॲपमध्ये एखादा फोटो डिलीट केला की तो फोनमधून जातो, खात्यातून जातो आणि त्याच खात्याला जोडलेल्या टॅबवरूनही दिसेनासा होतो. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, नंतर कायमचा पुसला जातो. आयक्लाउडमध्येही हीच रीत आहे, तिथे मुदत साधारण ३० दिवसांची. नातवाने खेळता खेळता एखादा अल्बम पुसला आणि दोन-तीन महिन्यांनी कुणाला तरी त्यातल्या फोटोची आठवण झाली, तर तोवर वेळ निघून गेलेली असते. याहून मोठा धोका ‘फ्री अप स्पेस’ या बटणात आहे. फोन भरला की ॲप आपणहून सुचवतं, हे दाबा, जागा मोकळी होईल. जागा होते, कारण खात्यात पोचलेल्या फोटोंच्या फोनमधल्या मूळ फाइली त्या क्षणी पुसल्या जातात. कालपर्यंत दोन ठिकाणी असलेला फोटो आता एकाच ठिकाणी उरतो. स्क्रीनवर मात्र तो पूर्वीसारखाच दिसत असल्यामुळे काही बदललंय असं जाणवतच नाही. आयफोनमधली ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ ही सोय असंच काहीसं करते: जागा कमी पडली की फोनमध्ये हलकी आवृत्ती ठेवते आणि मूळ फोटो फक्त आयक्लाउडवर. या सोयी वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. त्या जागा वाचवण्यासाठी आणि सगळीकडे एकसारखं दिसण्यासाठी बनवल्या आहेत, आणि ते काम त्या चोख करतात. चूक होते ती त्यांच्यावर दुसऱ्याच कामाचा भरवसा टाकल्यामुळे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. एवढ्या मोठ्या कंपन्या, जगभर त्यांची डेटा सेंटर. आपल्या घरातल्या हार्ड डिस्कपेक्षा त्यांच्याकडे माहिती जास्त सुरक्षित नाही का? यंत्र बिघडण्यापुरतं बोलायचं तर हो, कितीतरी जास्त सुरक्षित आहे. तरीही मोठेपणा ही हमी नव्हे, हे २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात दिसलं. देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली साठवणारं ‘जी-ड्राइव्ह’ जळालं. त्यातली ८५८ टेराबाइट माहिती गेली. साठा फार मोठा म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या देशाच्या सरकारचं हे झालं. पण तुमच्या-माझ्या बाबतीत खरा धोका कंपनीचं सेंटर जळण्याचा नाही. आपण आपल्याच खात्याबाहेर राहण्याचा धोका त्याहून फार मोठा आहे. फोन चोरीला गेला, पासवर्ड आठवत नाही, आणि खातं उघडायला लागणारा ओटीपी त्याच हरवलेल्या फोनमधल्या सिमवर येणार. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं हे होतं. गूगलच्या खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू केलं की दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर उतरवून घरातल्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवावेत. हे फुकट आहे, पाच मिनिटांचं आहे, तरी फार थोडे लोक ते करतात.

खात्याला आणखी दोन बाजूंनी गळती लागू शकते. गूगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून आहे. फोटो मर्यादेशिवाय फुकट ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली, आणि आता अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच जागेत मोजला जातो. जागा भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं. सूचना येते, पण ती आपण इतर पन्नास सूचनांबरोबर बाजूला सारतो आणि पुढची दोन वर्षं बॅकअप चालू आहे अशा समजुतीत राहतो. दुसरी गळती वापर नसलेल्या खात्यांची. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसण्याचं धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणलं आहे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्याचा फोन कपाटात जातो आणि त्याच्या खात्याकडे कुणी पाहत नाही. त्या खात्यातले फोटो मात्र या मुदतीखाली आलेले असतात. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर आपली माहिती कुणाला मिळावी, ते तिथे आधीच सांगून ठेवता येतं. आई-वडिलांच्या खात्यात ही सोय त्यांच्याबरोबर बसून, त्यांच्या संमतीने सुरू करून द्यावी.

‘गेलंच काही, तर रिकव्हरीवाला काढून देईल’ हा भरवसाही आता फारसा कामाचा राहिलेला नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये मॅट होनन या अमेरिकन पत्रकाराच्या ॲपल खात्यात हॅकर शिरले. त्यांनी ‘माझं उपकरण शोधा’ याच सोयीचा वापर करून त्याचा आयफोन, आयपॅड आणि मॅकबुक लांबूनच पुसले. मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो त्यात होते आणि बॅकअप नव्हता. त्याला एका कंपनीकडून, भरपूर पैसे मोजून, मॅकबुकमधलं बरंचसं परत मिळालं. आजच्या फोनमध्ये तशी आशा जवळजवळ नाही. अँड्रॉइड १० पासूनच्या नव्या फोनमध्ये आणि आयफोनमध्ये सगळी माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते. फॅक्टरी रिसेट मारला की ती उलगडणारी किल्लीच नष्ट होते. मागे उरतो तो कुणालाही न वाचता येणारा कचरा. चोराच्या हाती आपली माहिती पडू नये म्हणून केलेली ही व्यवस्था योग्यच आहे, पण तिच्यापुढे मालक आणि चोर सारखेच. म्हणून दुरुस्तीला फोन देण्याआधी, सॉफ्टवेअर मारण्याआधी, पॅटर्न विसरल्यावर रिसेट करण्याआधी थांबून विचारावं: यातलं काय दुसरीकडे आहे?

मग करायचं काय? खात्यावरचा बॅकअप चालूच ठेवावा. फोन पाण्यात पडला तर तोच पहिला कामी येतो. त्याच्या जोडीला एक प्रत अशी हवी, जी कुठल्याही खात्याला आणि कुठल्याही वायरीला जोडलेली नाही. घानाच्या सर्व्हरसारखी, पण योगायोगाने नव्हे, ठरवून तोडलेली. घरगुती वापरासाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क त्याला पुरते. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षं विसंबू नये. त्यातली माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते, नुसता पडून राहिला तर तो भार हळूहळू ओसरतो. शिवाय तो हरवतोही चटकन. अँड्रॉइड फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून ‘डीसीआयएम’ आणि ‘पिक्चर्स’ ही फोल्डर डिस्कवर कॉपी करावीत. व्हॉट्सॲपमधून आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि गूगल फोटोज ते आपण सांगितल्याशिवाय वर नेत नाही. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या बॅकअपमध्येही व्हिडिओ घ्यायचे की नाहीत, हा पर्याय वेगळा निवडावा लागतो. लग्नातले, बारशाचे, गावच्या पालखीचे किती फोटो आपल्याकडे दुसऱ्याच्या फोनमधून व्हॉट्सॲपवर आलेले असतात! त्यामुळे ते फोल्डर विसरू नये. जे फोटो आता फक्त खात्यावर उरलेत ते ‘गूगल टेकआउट’मधून झिप फाइलींच्या रूपात एकगठ्ठा उतरवून घेता येतात.

कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची. छोट्या दुकानांत आणि कार्यालयांत हिशोबाची डिस्क कॉम्प्युटरला कायम लावलेली असते, आणि खंडणी मागणारा व्हायरस शिरला की मूळ फाइलीबरोबर ती जोडलेली प्रतही बंद करून टाकतो. काढलेली डिस्क शक्य तर दुसऱ्या घरात ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात ज्या घरांत पाणी शिरलं, तिथे कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारची डिस्क यांना वेगळं नशीब कुठून येणार? बहिणीच्या घरी, गावच्या घरी, बँकेच्या लॉकरमध्ये, कुठेही चालेल. पुण्यात राहणाऱ्याने नागपूरच्या भावाशी डिस्कची अदलाबदल करावी, परदेशी असलेल्यांनी सुट्टीला येताना एक प्रत इकडे आणून ठेवावी. वेगळ्या जागी असलेल्या प्रतीने वाचवल्याचं एक जुनं उदाहरणही आहे. महानुभाव परंपरा सांगते की एका धाडीत ‘लीळाचरित्र’ या ग्रंथाची मूळ पोथी गेली, आणि ज्यांना ते मुखोद्गत होतं अशा हिराइसेसारख्यांच्या आठवणीतून ते पुन्हा सिद्ध झालं. धाड पोथीवर पडली होती. आठवण तिच्या टप्प्यात नव्हती. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ आपल्याला वाचायला मिळतो, तो एवढ्याच कारणाने.

प्रती वाढवल्या की चोरीची, गैरवापराची भीतीही वाढते, हा दुसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आधार, पॅन, बँकेची पासबुकं उघडी ठेवलेली डिस्क कुणाच्या घरी देणं धोक्याचंच आहे. पण त्यासाठी सगळंच टाळण्याची गरज नाही. अशी मोजकी कागदपत्रं सेव्हन-झिपसारख्या मोफत प्रोग्रामने पासवर्ड लावून बंद करता येतात, आणि फोटो, घरच्यांच्या आवाजातली रेकॉर्डिंग, स्वतःचं लिखाण वेगळं ठेवता येतं. मात्र तो पासवर्ड विसरला तर ती फाइल कुणीही उघडून देऊ शकणार नाही, म्हणून तोही कागदावर हवा. खर्चाचा आक्षेप निवडीने सुटतो. गाणी, सिनेमे, ॲप पुन्हा मिळतात. डिजिलॉकरमध्ये संबंधित विभागाने दिलेलं लायसन्स किंवा गुणपत्रक पुन्हा काढता येतं. आपण स्वतः स्कॅन करून तिथे चढवलेले कागद मात्र या हिशोबात धरू नयेत. जे दुसऱ्यांदा तयार होऊच शकत नाही, त्याचीच प्रत करायची म्हटलं की ढीग एकदम लहान होतो. आजीच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवल्या असतील तर त्यांचा नंबर पहिला.

शेवटचं काम बहुतेक जण गाळतात: प्रत उघडून पाहणं. १९९८ मध्ये पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आदेशाने पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअपकडे वळल्यावर कळलं की तो कितीतरी दिवस नीट होतच नव्हता, आणि कुणी तपासलंही नव्हतं. गेलिन सुसमन या तांत्रिक प्रमुखांनी बाळंतपणाच्या काळात घरून काम करता यावं म्हणून एक प्रत घरी नेली होती. त्या प्रतीमुळे काम वाचलं. तेव्हा येत्या रविवारी एवढं करा. खात्याची जागा भरली आहे का ते पाहा, बॅकअप कोड कागदावर उतरवा, डिस्क असेल तर ती जोडून मागच्या वर्षीचा एक फोटो आणि एक व्हिडिओ तिच्यावरून उघडून बघा. उघडले तर तारीख घालून डिस्कवर चिठ्ठी चिकटवा आणि ती दुसऱ्या घरी पोचवा. उघडले नाहीत, तर मूळ फाइली अजून फोनमध्ये आहेत तोवर नवी प्रत करून घ्या.