शिफारस : एक साक्ष, एक अमानत

कोकणातील मुस्लिम वस्त्यांचा समुद्रापलीकडील कमाईशी असलेला संबंध जुना आहे. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील गावांतून पूर्वी अनेक जण खलाशी म्हणून जहाजांवर गेले. १९७०च्या दशकात तेलाच्या उत्पन्नामुळे आखाती देशांत बांधकामे आणि उद्योग वाढले, तेव्हा हीच गावे कुवेत, सौदी अरब, कतार आणि दुबईकडे वळली. हा मार्ग बहुतांशी नात्यांतून गेला. आधी गेलेल्याने धाकट्या भावाला बोलावले, भावाने मेहुण्याला, मेहुण्याने शेजाऱ्याच्या मुलाला. आजही कोणी सुट्टीवर घरी आला की गावातील एखादी वडीलधारी व्यक्ती येऊन बसते आणि म्हणते, "बाळा, आमच्या मुलालाही तुझ्या कंपनीत लावून दे."

अशा वेळी होकार देणे सोपे असते आणि नकार देणे अवघड. परंतु मोमिनाने होकार किंवा नकार देण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे : मी ज्याच्यासाठी शब्द टाकणार आहे, त्याच्याविषयी मी जे सांगेन ते अल्लाहसमोरही सांगू शकेन काय?

शिफारस हे पुण्यकर्म आहे

कोणासाठी शब्द टाकणे म्हणजे वशिलेबाजी, असे समजून काही सज्जन या कामापासून दूर राहतात. इस्लामची शिकवण अशी नाही. सूरह निसाच्या ८५व्या आयतीचा आशय असा आहे की, जो चांगल्या कामाची शिफारस करील त्याला त्यातून वाटा मिळेल आणि जो वाईट कामाची शिफारस करील त्याच्यावर त्याचा भार पडेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे कोणी गरज घेऊन आला, तर ते उपस्थित सहाबांना त्याच्यासाठी शिफारस करण्यास सांगत आणि त्याचे पुण्य त्यांना मिळेल असे समजावत. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

म्हणजे शिफारस करण्यास मनाई नाही, उलट प्रोत्साहन आहे. मात्र वर उल्लेखिलेल्या आयतीने वाटा आणि भार या दोन्ही शक्यता एकाच ठिकाणी सांगितल्या आहेत. शिफारस कोणत्या बाजूला पडेल, हे ती खरी आहे की खोटी यावर ठरते.

मदयनच्या विहिरीवर

शिफारस कशी असावी, याचे उत्तम उदाहरण सूरह कससमध्ये आढळते. हजरत मूसा (अ.) मिस्रमधून जीव वाचवून मदयनला पोहोचले. परका मुलूख, ओळखीचे कोणी नाही, हातात काम नाही. विहिरीवर मेंढपाळांची गर्दी होती आणि दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या होत्या. मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले, मोबदला मागितला नाही आणि सावलीत जाऊन आपली गरज फक्त अल्लाहसमोर मांडली.

पुढे त्या मुलींच्या वृद्ध पित्याने त्यांना बोलावून घेतले. तेव्हा एका मुलीने पित्याला सुचविले की, यांना कामावर ठेवावे, कारण कामावर ठेवण्यास उत्तम माणूस तोच, जो सामर्थ्यवान आणि विश्वासू असतो (आयत २६). या शिफारशीत नाते, गाव किंवा कुळ यांचा उल्लेख नाही. तिने दोनच गुण सांगितले : काम करण्याची क्षमता आणि सचोटी. आणि ते तिने विहिरीवर स्वतः पाहिले होते.

त्यानंतर पित्याने आपली मुलगी देऊ केली आणि आठ वर्षे काम करण्याची अट घातली. दहा वर्षे पूर्ण करणे मूसा (अ.) यांच्या इच्छेवर सोडले आणि आपण त्यांच्यावर जाचक ओझे टाकू इच्छित नाही, हेही स्पष्ट केले. मूसा (अ.) यांनी करार मान्य करून अल्लाहला साक्षी ठेवले. परमुलखात येणाऱ्या माणसाला मुदत, काम आणि अटी आधीच स्पष्ट सांगाव्यात, हा धडा येथे मिळतो. पगार आणि कामाचे स्वरूप न सांगता मुलांना विमानात बसविणारे या धड्यापासून फार दूर आहेत.

मदीनेचा बाजार

हिजरतीनंतर प्रेषितांनी (स.) मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे बंधुत्व हजरत साद बिन रबी (रजि.) यांच्याशी जोडले गेले. साद (रजि.) यांनी आपल्या संपत्तीचा अर्धा भाग देऊ केला. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांच्या घराला आणि संपत्तीला बरकतीची दुआ दिली आणि केवळ बाजाराची वाट विचारली. त्यांना बनू कैनुकाच्या बाजाराचा रस्ता दाखविण्यात आला. तेथून ते पनीर आणि तूप यांचा नफा घेऊन परतले आणि पुढे मदीनेतील मोठे व्यापारी झाले.

यजमान अर्धी संपत्ती द्यायला तयार होता आणि पाहुणा केवळ रस्ता मागत होता. आपल्या समाजात हे चित्र अनेकदा उलटे दिसते. मदत करू शकणारा रस्ताही दाखवीत नाही आणि मदत मागणारा कष्टाविना अर्धा वाटा अपेक्षितो. नव्याने आलेल्याला कोणते प्रमाणपत्र लागते, कोणत्या कामाला मागणी आहे, कोणत्या मालकापासून सावध राहावे, हे सांगणे म्हणजेच बाजाराची वाट दाखविणे. त्यासाठी मोठे पद लागत नाही.

न ओळखता दिलेली ग्वाही

हजरत उमर (रजि.) यांच्यासमोर एकाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी तीन गोष्टी विचारल्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे : तो तुझा शेजारी आहे काय? त्याच्याशी तुझा पैशांचा व्यवहार झाला आहे काय? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय? तिन्हींचे उत्तर 'नाही' आले, तेव्हा उमर (रजि.) यांनी त्याला सांगितले की, तू त्याला ओळखतच नाहीस.

प्रेम आणि पात्रता या वेगळ्या गोष्टी आहेत. हजरत अबूजर (रजि.) यांनी अधिकारपद मागितले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना ते दुर्बल असल्याचे आणि पद ही अमानत असल्याचे सांगितले (सहीह मुस्लिम). अबूजर (रजि.) यांच्या ईमानात काही उणे नव्हते, तरीही प्रेषितांनी पद दिले नाही. मग विजेचे काम न शिकलेल्या भाच्याला आपण इलेक्ट्रिशियन म्हणून कसे पुढे करू शकतो? त्याच्या एका चुकीने सहकाऱ्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय त्या मालकाचा विश्वास एकदा उडाला की गावातील पुढच्या पात्र मुलाचाही रस्ता बंद होतो. सूरह निसाची १३५वी आयत तर आप्तस्वकीयांच्या विरोधात जात असली तरी साक्ष खरीच देण्याची आज्ञा करते.

शिफारशीची किंमत

याहून गंभीर दोष म्हणजे शब्द टाकण्याचे पैसे घेणे. भावासाठी शिफारस करून त्याबद्दल भेट स्वीकारणाऱ्याने व्याजाच्या एका मोठ्या दरवाजात प्रवेश केला, अशा आशयाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. 'आझाद व्हिसा' म्हणून विकला जाणारा कागद अनेकदा अशाच ओळखीतून येतो. मुलगा पोहोचतो तेव्हा कफीलकडे काम नसते, दुसरीकडे काम करणे तेथील कायद्याने गुन्हा ठरते आणि घरी आईचे दागिने गहाण पडलेले असतात.

भारतात परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि नोंदणीकृत एजंटांची नावे शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतात. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढी आहे. ओळखीचा माणूस आहे म्हणून ही चौकशी टाळू नये. चौकशी करणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे.

आपण काय करावे?

बाहेर असलेल्या बंधूंनी गावातील मुलांना आधी कौशल्य शिकण्याचा सल्ला द्यावा आणि मगच नाव सुचवावे. जेवढे माहीत आहे तेवढेच मालकाला सांगावे. "मुलगा प्रामाणिक आहे, परंतु कामाचा अनुभव नाही," असे सांगणे हीसुद्धा शिफारसच आहे. नकार द्यावा लागला तर तो मृदू शब्दांत द्यावा आणि सोबत दुसरा एखादा मार्ग दाखवावा. घरातील वडीलधाऱ्यांनीही असा नकार नात्याचा अपमान समजू नये. ज्याच्यासाठी शब्द टाकला गेला, त्याने लक्षात ठेवावे की, आता त्याच्या वागणुकीवर दुसऱ्याची साक्ष अवलंबून आहे.

आपल्या जिभेवरील शब्द कोणाच्या घरची चूल पेटवू शकतो आणि कोणाचे घर विझवूही शकतो. तो शब्द खरा ठेवण्याची आणि तो गरजवंतापर्यंत पोहोचविण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.