शब्दओळख : ‘पे’ म्हणजे देणं, भरणं की फेडणं?



स्टेशनबाहेर ‘पे अँड पार्क’, स्वच्छतागृहावर ‘पे अँड यूज’, गटाच्या चेकवर ‘पे’ आणि मोबाइलमध्ये तर बोटाखालीच ‘पे’. हा छोटा इंग्रजी शब्द आपण रोज बघतो. आज तो नीट समजून घेऊ.

इंग्रजीत एक, मराठीत अनेक

लावणीच्या बायांना आपण मजुरी देतो. वीजबिल आणि शाळेची फी भरतो. गटाचं कर्ज फेडतो. दुकानदाराची उधारी चुकती करतो. बाजारात वस्तूसाठी पैसे मोजतो. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द, पे. म्हणून अर्थ लावताना आधी विचारायचं, पैसे कशाचे? मग मराठी शब्द आपोआप सापडतो.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. जो ‘पे’ करतो, त्याच्या हातातून पैसे जातात. एवढं पक्कं लक्षात ठेवा.

‘पे’चं कुटुंब

- पेड : दिले, भरून झाले.
- पेएबल : अजून द्यायचे आहेत. बिलावर ‘पेएबल’ असेल तर ते भरायचं बाकी आहे.
- रीपेमेंट : परतफेड.
- प्रीपेड : आधी पैसे, मग वापर. पोस्टपेड : आधी वापर, मग पैसे.
- पेयी : ज्याला पैसे मिळणार तो.

‘पेयी’ हा शब्द गटाच्या चेकसाठी फार कामाचा. चेकवर ‘पे’च्या पुढे पेयीचं नाव लिहितात. त्याच ओळीच्या शेवटी ‘ऑर बेअरर’ छापलेलं असतं. त्याचा अर्थ, किंवा जो चेक घेऊन येईल त्याला. असा चेक हरवला तर भलताच कोणी पैसे काढू शकतो. म्हणून दुकानदाराला किंवा सभासदाला चेक देताना डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेषा मारा आणि त्यात ‘अकाउंट पेयी ओन्ली’ लिहा. मग पैसे त्या नावाच्या खात्यातच जमा होतात. चेक तारखेपासून 3 महिनेच चालतो. आणि ‘पे’पुढची जागा कोरी ठेवून अध्यक्ष-सचिवांनी सह्या कधीच करू नयेत, कितीही घाई असली तरी!

जिथे पैसेच नाहीत

काही वाक्प्रचारांत ‘पे’ आहे, पण पैशाचा संबंध नाही.

- पे अटेन्शन : लक्ष द्या. बाई वर्गात मुलांना सांगतात तेच.
- पे अ व्हिजिट : भेट देणे, जाऊन येणे.
- पे होमेज : आदरांजली वाहणे. हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर वीरमरण आलं. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जाऊन आदरांजली वाहतात, तेच हे.
- इट पेज : परवडतं, फायद्याचं ठरतं.
- पे ऑफ : याचे दोन अर्थ. कर्ज पूर्ण फेडून मोकळं होणं आणि कष्टाचं चीज होणं.

आपल्या ‘फेडणे’चा पसाराही काही कमी नाही. आपण कर्ज फेडतो, महडच्या वरदविनायकाचा नवस फेडतो आणि आईचे पांगही फेडतो. तिन्हींना ‘पे’ लावलं तर अर्थ बिघडेल. म्हणून शब्दाला शब्द जोडू नका, अर्थाला अर्थ जोडा.

मोबाइलवरचा ‘पे’

आता सर्वांत महत्त्वाचं. गटाच्या पापड-लोणच्याची किंवा तांदळाची मोठी ऑर्डर द्यायची म्हणून अनोळखी माणसाचा फोन येतो. “ताई, ॲडव्हान्स पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका.” स्क्रीनवर मात्र लिहिलेलं असतं ‘पे’. तो म्हणतो पैसे येणार, शब्द म्हणतो पैसे जाणार. अशा वेळी शब्दावर विश्वास ठेवा, माणसावर नाही.

- ‘पे’, ‘सेंड’, ‘डेबिटेड’ : पैसे आपल्याकडून जातात.
- ‘रिसीव्ह्ड’, ‘क्रेडिटेड’ : पैसे आपल्याकडे आले.
- ‘पेंडिंग’ : अजून अडकलंय. लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका.

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला. गिऱ्हाईकाने त्याच्या मोबाइलवर ‘पेड’ दाखवलं, तरी आपल्या खात्यात जमा झालेलं बघूनच माल द्या. फसवणूक झालीच तर लाजू नका, वेळ घालवू नका. लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

पुढच्या बैठकीत करून बघा

1. घरातलं एक बिल आणा. त्यात ‘पे’ आणि त्याच्या कुटुंबातले शब्द शोधा.
2. ‘पे’साठी आपण वापरतो ते मराठी शब्द आठवा आणि प्रत्येकाचं एक वाक्य करा.
3. मोबाइलवरचा ‘पे’ शेजारच्या सभासदाला समजावून सांगा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ते अक्षर दाखवून ओळखायला शिकवा. फोन त्यांच्याही हातात आहे.