दुकानाचा स्टॉक 'क्लास'मध्ये कसा बसवायचा?



समजा, सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीत तुमचं छोटं दुकान आहे. कोजागरीला सोलापूरहून आई भवानीच्या दर्शनाला चालत निघालेले भाविक दारावरून जातायत. वहीत पाण्याचे २० बॉक्स शिल्लक आहेत. आत जाऊन बघता तर ११च! बाकीचे ९ विकले, फुटले, की उधारीवर गेले? वही सांगत नाही. कारण आपण आकडा खोडून नवा लिहितो, आणि त्यासोबत कारणही खोडलं जातं.

आजचा धडा यावरच आहे. शिल्लक कधीही हाताने बदलायची नाही. ती फक्त व्यवहारातून बदलली पाहिजे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग नेमकी हीच शिस्त लावतं.

क्लास आणि ऑब्जेक्ट म्हणजे काय?

क्लास म्हणजे छापील कोरा फॉर्म. ऑब्जेक्ट म्हणजे भरलेला फॉर्म. 'वस्तू' हा क्लास एकदाच लिहायचा. पाणी, बिस्किट, वेफर्स हे त्याचे ऑब्जेक्ट. ही कल्पना नवी नाही. नॉर्वेत तयार झालेल्या सिम्युला ६७ या भाषेत १९६७ सालीच क्लास आले होते.

आपला आराखडा असा:

क्लास : वस्तू
माहिती : नाव, शिल्लक, किमान साठा, नोंदी
काम १ : माल आला (नग)
काम २ : विक्री (नग)
काम ३ : तूट (नग, कारण)
काम ४ : मागवायचं का?

प्रत्येक कामात आधी तपासणी, मग बदल, मग तारखेसह नोंद. हा क्रम मोडायचा नाही.

चालवून बघूया

पाणी : शिल्लक २०, किमान साठा १२.
विक्री (९) → शिल्लक ११. किमान साठ्याच्या खाली गेलं, म्हणून 'मागवा'.
विक्री (१५) → नकार. शिल्लक ११च आहे.
विक्री (उणे ५) → नकार.

शेवटची ओळ नीट बघा. उणे आकडा अडवला नाही, तर ११ मधून उणे ५ वजा होऊन शिल्लक १६ होईल. माल न येताच साठा वाढला! नवशिक्यांकडून ही चूक हमखास होते.

मोजणीत दोन बॉक्स कमी भरले तर? आकडा दुरुस्त करू नका. तूट (२, 'फुटले') असं लिहा. महिन्याअखेरीस तुटीच्या नोंदी वाचल्या की पैसा कुठून गळतोय ते कळतं.

किमान साठा कसा ठरवायचा?

रोजची विक्री × माल यायला लागणारे दिवस + थोडा राखीव. रोज ४ बॉक्स जातात, माल यायला २ दिवस लागतात, राखीव ४ : म्हणजे १२. पण नवरात्र-कोजागरीला रोजची विक्री वाढते, तेव्हा हा आकडाही आधीच वाढवा. सण संपला की परत खाली आणा, नाहीतर भांडवल बॉक्समध्ये अडकून पडेल.

पुढची पायरी

बिस्किटांना मुदत असते. त्यासाठी 'वस्तू'वरून 'मुदतीची वस्तू' हा नवा क्लास काढा. जुनी सगळी कामं त्याला वारशात मिळतात. तुम्ही फक्त मुदतीची तारीख जोडायची. मात्र दोन लॉटच्या तारखा वेगळ्या असतील तर लॉटही वेगळे ठेवा, आणि ज्याची मुदत आधी संपते तो आधी विका.

दोन सूचना

पायथन ३ मध्ये क्लासची नावं देवनागरीतही देता येतात. 'शिल्लक'च्या आधी अंडरस्कोअर दिला की 'बाहेरून हात लावू नका' असा संकेत होतो. पण तो फक्त संकेत आहे, कुलूप नाही. शिस्त आपणच पाळायची.

दुसरं, प्रोग्राम बंद केला की मेमरीतला हिशोब जातो. त्यामुळे नोंदी फाइलमध्ये सेव्ह करायलाच हव्यात.

गृहपाठ : आज रात्री दुकान बंद केल्यावर फक्त पाच वस्तू मोजा आणि वहीशी ताडून बघा. फरक निघाला तर त्याचं कारण शोधा. कोड उद्या लिहिला तरी चालेल, मोजणी मात्र आजच करा!