खर्जाच्या वाद्याची आखणी
लहान मापाचे विद्युत् बास गिटार कसे योजावे?

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी शेवटची जाड पितळी तार छेडली म्हणजे जो धीरगंभीर स्वर उमटतो, त्यास आपण खर्ज म्हणतो. गायकाचे लक्ष त्या स्वराकडे मुद्दाम जात नाही. पण तो थांबला की गाण्याचा आधार गेला, हे नवख्या श्रोत्यासही कळते. पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदात हे आधाराचे काम बास हे वाद्य करते. त्यातील विद्युत् बास गिटार आज शाळा-महाविद्यालयांच्या संमेलनांतून सर्वत्र दिसते. ते विकत मिळते, हे खरे. परंतु स्वतःच्या हाताच्या मापाचे वाद्य योजून घडवावयाचे झाल्यास भौतिकशास्त्र, गणित आणि सुतारकाम या तिन्ही विषयांची परीक्षा एकाच वेळी द्यावी लागते. विद्यार्थिमित्रहो, या लेखात अशा वाद्याची आखणी कशी करावी याचा विचार करू.

मोठे माप आणि लहान माप

उभ्या बास वाद्याची तार सुमारे १०५ सेंटिमीटर लांब असते. ते वाद्य माणसाच्या उंचीहून मोठे, वाहून नेण्यास अवघड, आणि ढोल-कर्ण्यांच्या गजरात त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेत सिॲटल येथील पॉल टुटमार्क यांनी १९३० नंतरच्या दशकात गळ्यात अडकवून आडवे वाजवावयाचे विद्युत् बास तयार केले. त्या वेळी त्याचा फारसा प्रसार झाला नाही. १९५१ साली लिओ फेंडर यांचे ‘प्रिसिजन बास’ बाजारात आले आणि त्याचे ३४ इंचांचे माप पुढे प्रमाण ठरले. ज्यास आज आपण लहान माप म्हणतो ते सुमारे ३० इंचांचे. जर्मनीतील हॉफ्नर कंपनीचे सारंगीच्या जातीतील व्हायोलिनच्या आकाराचे बास १९५६ साली पुढे आले, तेही ३० इंचांचेच. १९६१ साली पॉल मॅकार्टनी यांनी ते हॅम्बुर्ग शहरी विकत घेतले आणि बीटल्सच्या संगीताबरोबर ते जगभर पोहोचले. तात्पर्य, लहान माप म्हणजे केवळ मुलांचे खेळणे नव्हे.

मिरजेचा धडा

माप ठरवून वाद्य घडविण्याची परंपरा आपल्या घरीही आहे. मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे व पाणी देणारे कारागीर. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून त्या घराण्यांत तंतुवाद्ये घडविण्याचा व्यवसाय रुजला. पंढरपूर भागातील भोपळा आणि तुणीचे लाकूड यांपासून तेथे होणाऱ्या सतारी व तंबोरे देशभर गेले, आणि २०२४ साली त्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील कारागीर तंबोऱ्याची मागणी आली की गाणारा पुरुष आहे की स्त्री, आणि त्याची पट्टी कोणती, हे आधी विचारतो. पुरुषी आवाजासाठी मोठा तंबोरा, बायकी आवाजासाठी लहान. लाकडाला हत्यार लावण्यापूर्वी वाजविणाऱ्यास प्रश्न विचारावा, हा त्यांचा पहिला धडा.

मात्र येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. तंबोरा लहान करतात तो स्वर उंच हवा म्हणून. लहान मापाचे बास लहान करतात ते हाताच्या सोयीसाठी. स्वर मात्र तोच, तितकाच खोल हवा असतो. लांबी कमी केली आणि स्वर तोच ठेवला, तर त्याचे मोल कोठेतरी चुकवावेच लागते. ते कोठे, हे तारेचे नियम सांगतात.

तारेचे नियम

फ्रान्समधील मेर्सेन या विद्वानाने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तारेचे नियम मांडले आहेत. तार लांब केली तर कंपनसंख्या त्याच प्रमाणात घटते. ताण वाढविला तर कंपनसंख्या वाढते, पण ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. तार जड केली तर कंपनसंख्या तिच्या वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड का असते, याचे उत्तर या तिसऱ्या नियमात आहे.

हिशेबाची रीत सोपी आहे. मीटरमध्ये मोजलेली तारेची लांबी दुप्पट करून कंपनसंख्येने गुणावी; आलेल्या संख्येचा वर्ग करावा; एक मीटर तारेचे वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्याने गुणावे. ताण न्यूटनमध्ये मिळतो. त्यास ९.८ ने भागले की तो किती किलो वजनाइतका आहे हे समजते.

बासच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सेकंदास ४१.२ असते. समजा, त्या तारेचे वजन मीटरला ३५ ग्रॅम आहे. ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर लांबीवर तिचा ताण सुमारे १८ किलो भरतो. तीच तार ३० इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर लांबीवर लावली, तर ताण अवघा १४ किलो राहतो. तार सैल पडते, बोटाखाली मऊ लागते आणि जोरात छेडल्यास पडद्यांवर आपटून खडखडते. पुन्हा १८ किलो ताण हवा असेल तर मीटरला सुमारे ४५ ग्रॅम वजनाची तार घ्यावी लागेल. पण जाड तार ताठ असते आणि तिचा नाद थोडा बोथट होतो. यांपैकी कोणता तोटा पत्करावयाचा, हे तारा विकत घेण्यापूर्वी ठरवावे. बहुतेकांस थोडी जड तार आणि थोडा कमी ताण हा मधला मार्ग मानवतो.

मग लहान मापाचा लाभ कोणता? समजा, कुकटपल्लीच्या वसाहतीत राहणाऱ्या नववीतील एखाद्या मुलीस बास शिकावयाचे आहे. पहिल्या पडद्यावर तर्जनी आणि चौथ्यावर करंगळी ठेवावयाची, तर मोठ्या मापात हे अंतर सुमारे १३० मिलिमीटर होते. लहान मापात ते ११४ भरते. पंधरा-सोळा मिलिमीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटेल. पण ताणलेल्या मनगटाने रोज तासभर सराव करणाऱ्यास तो क्षुल्लक नाही. आपल्या हाताची ही कक्षा पट्टीवर मोजून पाहावी आणि मगच माप निश्चित करावे.

पडद्यांचे गणित

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. ते सरकवून स्वर सुधारता येतो. बासचे पडदे दांडीत खाच पाडून कायमचे बसवितात. खाच चुकली की ती दांडी वाया गेली. म्हणून हा भाग सर्वांत सावधपणे करावा.

सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने प्रत्येक पडद्यागणिक तारेची उरलेली लांबी १७.८१७ ने भागावी; येणारा भागाकार म्हणजे पुढील पडद्याचे अंतर. ७६२ मिलिमीटर मापासाठी वरच्या पट्टीपासूनची अंतरे मिलिमीटरमध्ये अशी येतात:

पहिला पडदा – ४२.८
दुसरा – ८३.१
तिसरा – १२१.२
चौथा – १५७.२
पाचवा – १९१.१
सहावा – २२३.२
सातवा – २५३.४
आठवा – २८२.०
नववा – ३०८.९
दहावा – ३३४.३
अकरावा – ३५८.३
बारावा – ३८१.०

बारावा पडदा बरोबर मध्यावर आला, हा ताळा. येथून वर दुसरे सप्तक सुरू होते. विसावा पडदा ५२२.० मिलिमीटरवर येतो.

खुणा करताना एका पडद्यापासून पुढचा पडदा मोजू नये. प्रत्येक वेळी केवळ ०.३ मिलिमीटर चूक एकाच दिशेने होत गेली, तरी बाराव्या पडद्यापर्यंत ती ३.६ मिलिमीटर होते आणि स्वर अर्ध्या स्वराच्या सुमारे सहाव्या हिश्शाने ढळतो. कोणत्याही जाणत्या कानाला ते खटकते. सर्व अंतरे वरच्या पट्टीपासूनच, एकाच पोलादी पट्टीने मोजावीत.

घोडीची जागा ठरविताना आणखी एक दक्षता हवी. तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते व स्वर चढतो. शिवाय जाड तार टोकांशी ताठ राहते. याची भरपाई म्हणून घोडी ७६२ हून काही मिलिमीटर मागे न्यावी लागते, आणि जाड तारेसाठी अधिक. म्हणून मागेपुढे सरकणारी घोडी घ्यावी आणि तिला मागे सरकण्यास सुमारे १० मिलिमीटर वाव ठेवावा.

लाकूड आणि तोल

चारही तारा मिळून दांडीवर सुमारे ६० किलो ताण येतो आणि तो रात्रंदिवस असतो. दांडीसाठी सरळ रेषांचे, बिनगाठीचे, मुरलेले लाकूड हवे. सुमारे ८० सेंटिमीटर लांबीचा तुकडा पुरतो. सागवान किंवा शिसम आपल्याकडे मिळते. शिसम अधिक जड, हे विसरू नये. दांडीच्या पोटात पोलादी ट्रस रॉड बसवितात. तो आवळून दांडीचा बाक काढता येतो. हैदराबादचा उन्हाळा कोरडा आणि पावसाळा दमट. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण आडव्या अंगाने फुगते व आकसते. म्हणून लाकूड आणून लगेच कापू नये. ज्या घरात वाद्य राहणार, तेथे काही आठवडे हवा खेळेल असे रचून ठेवावे.

तोलाचा विचारही कागदावरच करावा. तार पिळण्याच्या चार यंत्रांचे वजन प्रत्येकी ९० ग्रॅम धरले, तर दांडीच्या टोकाशी ३६० ग्रॅम होतात. पट्टा बाराव्या पडद्याच्या आसपास तोलून धरतो असे मानल्यास ही यंत्रे तेथून सुमारे ४६ सेंटिमीटरवर येतात. तरफेच्या नियमाने, दुसऱ्या बाजूस ३० सेंटिमीटरवर सुमारे ५५० ग्रॅम वजन असेल तरच हा भार तोलला जाईल. तीच यंत्रे ६० ग्रॅमची घेतली तर ३७० ग्रॅम पुरतात. हलकी यंत्रे निवडल्याने वाजविणाऱ्याच्या खांद्यावरचे ओझे दोन्ही बाजूंनी कमी झाले. असे न केल्यास दांडी सतत खाली झुकते आणि डाव्या हाताला स्वर धरण्याऐवजी वाद्य पेलण्याचे काम लागते.

चुंबक आणि वेटोळे

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की, वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले म्हणजे त्यात विद्युत् उत्पन्न होते. पिकअप याच तत्त्वावर चालतो. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार कंप पावली की क्षेत्र हलते व क्षीण विद्युत्प्रवाह निघतो. तो वर्धकाने मोठा करावयाचा. तंबोऱ्याची पितळी तार येथे निरुपयोगी ठरते, कारण पितळ चुंबकाला दाद देत नाही.

आपल्या घरातील विजेची वारंवारता सेकंदास ५० आहे आणि खालच्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरील स्वराची कंपनसंख्या ४९. म्हणजे विजेची घरघर नेमकी बासच्या प्रदेशात शिरते! यावर उपाय म्हणून उलट दिशांनी गुंडाळलेली व उलट ध्रुवांची दोन वेटोळी जोडतात. बाहेरची घरघर परस्पर रद्द होते आणि तारेचा स्वर मात्र दुणावतो. असाच पिकअप निवडावा.

कामाचा क्रम

प्रथम हाताचे माप व वाद्याचे माप, नंतर तारा, नंतर घोडी, यंत्रे व पिकअप प्रत्यक्ष हाती घेऊन त्यांची मापे, आणि मग पूर्ण आकाराचे चित्र. हे चित्र पुठ्ठ्यावर कापून गळ्यात अडकवून पाहावे. पुठ्ठा चुकला तर दुसरा मिळतो. सागवानाच्या फळीचे तसे नाही. धातूचे भाग विकतच घ्यावेत. एखादी धातूची पट्टी कातून घ्यावयाची असल्यास कुकटपल्लीला लागूनच बालानगरची औद्योगिक वसाहत आहे. रंधणे व यंत्राची करवत जाणत्या सुताराच्या देखरेखीखालीच चालवावी. शिसवीची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. आणि विजेचा वर्धक स्वतः कधीही उघडू नये.

पालकांनी एक गोष्ट आधीच जाणून असावी. पहिले वाद्य घरी घडविण्यात पैसा वाचेलच असे नाही. कारखान्यातील साधे वाद्य कदाचित स्वस्त पडेल. येथे कमाई निराळी आहे. वर्गात पाठ केलेले वर्गमूळ, तरफेचा नियम आणि फॅरडेचे वेटोळे यांतील एकही गोष्ट चुकली तर वाद्य बोलत नाही, आणि सर्व जुळल्या तर ते बोलते. उत्तरपत्रिकेवर गुण देणारा परीक्षक कधी दयाळू असतो; तार मात्र दोन्ही बाजूंनी निःपक्षपाती असते. ती खर्ज शुद्ध लावून बोलली, की हिशेब बरोबर आला असे समजावे.

स्वाध्याय

१. वाद्याचे माप ८१२.८ मिलिमीटर असल्यास पहिल्या पडद्याचे अंतर काढा. (उत्तर: ४५.६ मिलिमीटर)

२. मीटरला २० ग्रॅम वजनाची तार ७६२ मिलिमीटर लांबीवर सेकंदास ५५ कंपनांना लावली, तर तिचा ताण किती किलो? (उत्तर: सुमारे १४.३)

३. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या सतारीच्या तारेची वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंतची लांबी मोजा, आणि सप्तकाचा पडदा तिच्या मध्यावर येतो का ते पाहा.