वाचकांचे प्रश्न : एसी लावल्यावर बिल किती वाढेल?

प्रश्न : महावितरणच्या घरगुती ग्राहकाने दीड टनाचा एसी घेतल्यास महिन्याचे बिल किती वाढेल, हे आधी कसे काढावे?

उत्तर : टन हे वीजवापराचे माप नाही. एक टन म्हणजे खोलीतून सुमारे 3.5 किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता; त्यासाठी लागणारी वीज याहून बरीच कमी असते. हिशोब ऊर्जा दक्षता ब्युरोच्या (बीईई) तारांकन लेबलावरून करावा. त्यावर वर्षाला 1600 तास वापर धरून एकूण युनिट छापलेले असतात. लेबलवर 800 युनिट असतील, तर सरासरी वापर तासाला अर्धा युनिट. रोज आठ तास एसी चालवल्यास 30 दिवसांत 120 युनिट होतात.

या युनिटना बिलाचा सरासरी दर लावला की अंदाज कमी येतो. घरगुती दर 0–100, 101–300, 301–500 आणि 500 च्या वर अशा टप्प्यांत चढत जातात. घराचा नेहमीचा वापर 250 युनिट असेल, तर एसीचे पहिले 50 युनिट दुसऱ्या टप्प्यात बसतात आणि उरलेले 70 तिसऱ्यात जातात. वहन आकार धरून हे दर उदाहरणादाखल 12 आणि 16 रुपये मानले, तर 600 अधिक 1120, म्हणजे 1720 रुपये होतात. त्यावर 16 टक्के वीज शुल्क सुमारे 275 रुपये. एकूण वाढ जवळपास 1995 रुपये. प्रत्यक्ष दर ताज्या बिलावरून घ्यावेत आणि इंधन समायोजन आकार असल्यास तोही मिळवावा. स्थिर आकार एसी नसतानाही भरावाच लागतो, म्हणून तो या वाढीत धरू नये.

लेबलवरचा आकडा ठरावीक परिस्थितीतला असतो. गच्चीखालची किंवा पश्चिमेची खोली, फटी राहिलेली दारे-खिडक्या आणि धुळीने भरलेला फिल्टर यांमुळे वापर वाढतो. बीईईच्या मते तापमान एक अंशाने वाढवून ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते.

एसी बसल्यावर पडताळा मीटरवरच घेता येतो. रात्री एसी लावताना आणि सकाळी बंद करताना रीडिंग लिहावे. एसी न लावलेल्या रात्रीचे तेवढ्याच तासांचे युनिट त्यातून वजा करावेत. असे काही रात्रींचे आकडे घेऊन सरासरी काढली, की लेबलवरच्या आकड्याऐवजी तीच हिशोबात वापरावी.