जुने प्रवास नीट लिहा, व्हिसाची फी वाचवा

लेकीच्या पदवीदान समारंभाला लंडनला निघालेले आईवडील तिकीट, विमा, हॉटेल अशा सगळ्याचा हिशेब मांडतात आणि अर्जातल्या एका पानावर येऊन अडतात: गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे जाऊन आलात? हे पान भरायला एक पैसाही लागत नाही. पण घाईत भरलं तर सगळ्यात महाग पडतं तेही हेच पान.

आधी आकडे बघू. ब्रिटनच्या सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाची फी एप्रिल २०२५मध्ये १२७ पौंड झाली, म्हणजे माणशी साधारण पंधरा हजार रुपये. चौघं निघाले तर साठ हजार. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला १८५ डॉलर लागतात. शेंगेनला जून २०२४पासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ युरो लागतात, त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तर ही फी परत मिळत नाही. हे दर अधूनमधून वाढतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा आकडा पाहूनच घ्या.

प्रश्न प्रत्येक देशाचा वेगळा असतो. ब्रिटनचा अर्ज आधी ब्रिटनच्या फेऱ्या विचारतो. मग अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड आणि युरोपीय आर्थिक क्षेत्र यांचा एक गट येतो आणि बाकीचं जग त्यानंतर. अमेरिकेचा डीएस-१६० हा व्हिसा अर्ज गेल्या पाच वर्षांतले देश विचारतो. तिथे फक्त नावं पुरतात, तारखा लागत नाहीत. अमेरिकेच्या स्वतःच्या जुन्या फेऱ्यांच्या तारखा मात्र द्याव्या लागतात.

युरोपच्या ग्रुप टूरवाल्यांची खरी गोची इथे होते. पॅरिसला उतरलात, रोमहून परतलात आणि मधे स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया बसनं पार केलंत. पासपोर्टवर शिक्के दोनच, पण डीएस-१६०मध्ये देश चारही लिहायचे. त्यातून १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांच्या जागी टप्प्याटप्प्यानं संगणकीय नोंद सुरू झाली. सिंगापूर, हाँगकाँग तर शिक्का मारतच नाहीत. नेपाळला गाडीनं जाऊन आलेल्या भारतीयाकडेही शिक्का नसतो. तो प्रवास बहुतेकांच्या लेखी परदेशवारीत मोजलाच जात नाही, पण अर्जात तो लिहावा लागतो. म्हणजे नुसता पासपोर्ट चाळून यादी पूर्ण होणार नाही.

मग यादी करायची कुठून? ईमेलमध्ये विमान कंपनीचं नाव आणि ‘ई-तिकीट’ टाकून शोधा. टूर कंपनीचं कार्यक्रमपत्रक, क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट, फोनमधल्या फोटोंच्या तारखा यांतून बाकीचं सापडतं. अमेरिकेच्या मागच्या दहा वर्षांच्या ये-जा नोंदी आय-९४च्या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. त्या काढून देण्याचे पैसे मागणाऱ्या खासगी साइट्सच्या नादी लागू नका. नवरा-बायकोनं शेजारी बसून यादी केलेली बरी, कारण एकाच सहलीचा एकाचा महिना मार्च आणि दुसऱ्याचा मे असं झालेलं अर्ज तपासणाऱ्याच्या नजरेत भरतं. तारीख नक्की आठवत नसेल तर महिना-वर्ष लिहा आणि ते अंदाजे असल्याचं अर्जातल्या अधिक माहितीच्या जागेत नोंदवा.

जुना पासपोर्ट नूतनीकरणानंतर कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. तो रद्दीत टाकू नका. नूतनीकरणाला ३६ पानी पासपोर्टचे १,५०० रुपये लागतात, पण चालू पासपोर्ट हरवला तर बदलीसाठी ३,००० पडतात. शिवाय त्यातले व्हिसे आणि शिक्के कायमचे जातात. म्हणून प्रत्येक पानाचा फोटो आजच काढून ठेवा.

एखादी बाली किंवा बँकॉक चुकून राहिली म्हणून आकाश कोसळत नाही. जपायचं ते पुढच्या प्रश्नाला: कधी व्हिसा नाकारला गेला आहे का, सीमेवरून परत पाठवलं आहे का? ब्रिटनचा अर्ज हे फक्त ब्रिटनपुरतं नाही, कुठल्याही देशाबद्दल विचारतो. काही एजंट इथे ‘नाही’ टाकून मोकळे होतात: “कॅनडानं नाकारलेलं ह्यांना काय कळणार?” कळतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आपसात अशी माहिती देतात-घेतात. फसवणूक ठरली तर ब्रिटनची बंदी दहा वर्षांपर्यंत जाते, कॅनडाची पाच वर्षांची असते आणि अमेरिकेत सवलतीचा अर्ज मंजूर झाल्याशिवाय दार कायमचं बंद. खरं सांगितलेला जुना नकार या बंदीपुढे फारच स्वस्त. अर्ज एजंटानं भरला तरी सही तुमची असते, त्यामुळे पाठवण्याआधी पूर्ण पीडीएफ मागून वाचा. दाखवायला नकार देणारा एजंट मला तरी नको.

नीट जपलेल्या इतिहासाचा फायदाही होतो. एप्रिल २०२४च्या नियमांनुसार, आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नियमानं वापरलेल्या भारतीयाला दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. दर सहलीचे ९० युरो आणि केंद्राच्या खेपा वाचतात. त्यासाठी जुन्या व्हिशांच्या प्रती अर्जाला जोडा.

आणि अर्ज पाठवल्यावर काही राहिल्याचं ध्यानात आलं तर? डीएस-१६० मुलाखतीआधी दुरुस्त करून पुन्हा भरता येतो, त्याला वेगळी फी नाही. फक्त अपॉइंटमेंटमध्ये नवा क्रमांक घालून घ्या. ब्रिटनचा अर्ज बोटांचे ठसे देण्याआधी मागे घेतला तर फी परत मिळते. चूक छोटी असेल तर मागे घेण्याची गरज नाही. सुटलेला देश, तारीख आणि कारण एका पत्रात लिहून ते बाकी कागदांबरोबर द्या.